साहित्य आणि संस्कृती : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

साहित्यातून संस्कृतीचे दर्शन कसे घडते, या विषयावर एका विद्यापीठाने तयार केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचायचे उतारे, प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्नमंजूषा आणि सहाध्यायींनी एकमेकांचे तपासायचे निबंध अशी त्याची रचना आहे. विषय माझ्या फार जवळचा असल्यामुळे अपेक्षा मोठी होती. अभ्यासक्रमाच्या मधल्या भागाने ती पुरेपूर भागवली. सुरुवातीने आणि परीक्षापद्धतीने मात्र निराशा केली, आणि ही निराशा किरकोळ नाही, कारण ती विषयाच्या गाभ्याशीच संबंधित आहे.

सुरुवातीचे घटक व्याख्यांमध्ये अडकून पडतात. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी 1871 मध्ये केलेली संस्कृतीची व्यापक व्याख्या, मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1973 मध्ये मांडलेली ‘सघन वर्णना’ची (कृतीबरोबरच तिचा संदर्भ आणि अर्थही टिपण्याची) कल्पना, समीक्षक रेमंड विल्यम्स यांचे विवेचन, हे सारे येते, पण एका पाठोपाठ एक येऊन निघून जाते. साहित्य हा समाजाचा आरसा असतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलेले विधान येथेही जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारलेले दिसते. आरसा समोर असेल ते दाखवतो. काय दाखवायचे, काय वगळायचे आणि कोणाच्या नजरेने पाहायचे, हे तो ठरवत नाही. लेखक मात्र प्रत्येक वाक्यात तेच ठरवत असतो. हा फरक पहिल्याच घटकात स्पष्ट करायला हवा होता. ज्यांना सिद्धान्ताची थोडीफार ओळख आहे, त्यांनी हे घटक वरवर पाहून पुढे जावे.

खरा अभ्यासक्रम सुरू होतो तो नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीपासून. येथे व्याख्यात्या घाई करत नाहीत. एक परिच्छेद घेतात, तो वाचतात, आणि त्यात संस्कृती नेमकी कोठे आहे हे दाखवत जातात. शांतता-सप्ताहाचा प्रसंग त्यांनी ज्या पद्धतीने उलगडला आहे, त्यासाठी एवढा एकच घटक पाहिला तरी वेळ सार्थकी लागेल. पेरणीपूर्वीच्या त्या आठवड्यात कोणी कोणावर हात उगारायचा नाही, असा नायजेरियातील इग्बो समाजाचा दंडक. नायक ओकोंक्वो तो मोडतो आणि त्याला दंड भरावा लागतो. साधारण वाचक येथे एका प्रथेची नोंद करून थांबतो. व्याख्यात्या पुढच्याच ओळींकडे लक्ष वेधतात : गावातील सर्वांत वृद्ध माणूस एझेउदू म्हणतो की, आता शिक्षा फारच सौम्य झाली आहे, पूर्वी असा नियम मोडणाऱ्याला जीव जाईपर्यंत गावभर फरफटत नेत असत, परंतु जी शांतता राखायची तिचाच त्यामुळे भंग होतो, म्हणून ती रीत पुढे बंद करण्यात आली.

या दोन-तीन वाक्यांत अचेबे यांनी केवढे काम केले आहे! गोरे प्रशासक आणि मिशनरी कादंबरीत येण्याच्या कितीतरी आधी हा समाज स्वतःच्या रूढींचा विचार करतो आहे, त्यांतली विसंगती ओळखतो आहे आणि त्या बदलतोही आहे. ‘परंपरागत समाज’ म्हणजे काळ थांबलेला समाज, ही समजूत येथे कोणताही युक्तिवाद न करता मोडीत निघते. ओबिएरिका या ओकोंक्वोच्या मित्राचेही तसेच. जुळी मुले टाकून देण्याची रीत त्याने पाळलेली असते, आणि तरीही त्या मुलांचा काय अपराध होता, हा प्रश्न त्याला सोडत नाही. त्याला उत्तर सापडत नाही, आणि लेखकही ते पुरवत नाही. संस्कृती म्हणजे एकमताने मान्य असलेल्या गोष्टींची यादी नसून तिच्यात राहणाऱ्या माणसांचा आपापसांत आणि स्वतःशी चाललेला वाद असतो, ही गोष्ट सर्वेक्षणातून किंवा अहवालातून हाती लागणे कठीण. कादंबरीला ती साधते, कारण कादंबरी माणसाच्या मनात शिरू शकते. अभ्यासक्रमातील हा भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला.

याच्या जोडीला इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड यांची आफ्रिकेत घडणारी ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही 1899 मध्ये नियतकालिकातून प्रथम प्रसिद्ध झालेली लघुकादंबरी ठेवली आहे, आणि तिच्यावर अचेबे यांनी 1975 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानात घेतलेले कठोर आक्षेपही. आफ्रिका ही केवळ युरोपीय मनाच्या पडझडीची पार्श्वभूमी उरते आणि तेथील माणसांच्या तोंडी जेमतेम एक-दोन वाक्ये येतात, हा अचेबे यांचा मुद्दा. कॉनरॅड यांची बाजूही येथे प्रामाणिकपणे मांडली आहे : 1890 मध्ये ते स्वतः काँगोत गेले होते, आणि वसाहतीच्या लुटीबद्दलचा त्यांचा संताप कथेत लपत नाही. संताप खरा असूनही ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांनाच मुके ठेवले जाऊ शकते, हे मला या तुलनेतून प्रथमच इतके स्पष्ट दिसले. साहित्यातील मौनाचा हा धागा पुढे शार्लट ब्राँटी यांच्या ‘जेन एअर’ या कादंबरीतील माडीवर कोंडलेल्या, नायकाच्या पत्नी बर्थापर्यंत आणि तिला स्वतःची कहाणी देणाऱ्या जीन ऱ्हिस यांच्या ‘वाइड सारगॅसो सी’ या 1966 च्या कादंबरीपर्यंत नेला आहे. तो भाग थोडक्यात आटोपला असला, तरी नेटका आहे.

भाषेच्या प्रश्नावर मात्र फार अन्याय झाला आहे. अचेबे यांनी इंग्रजीत लिहिणे पसंत केले आणि तिला इग्बो म्हणींची, बोलण्याची लय दिली. केनियन लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी सुरुवातीच्या इंग्रजी कादंबऱ्यांनंतर गिकुयू या आपल्या मातृभाषेची वाट धरली. 1977 च्या अखेरीस केनियात त्यांना खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले, आणि तुरुंगात त्यांनी शौचालयातील कागदावर गिकुयूमध्ये कादंबरी लिहिली. एखादी संस्कृती कोणत्या भाषेत आणि कोणत्या वाचकासाठी मांडली जाते, यावर त्या मांडणीचे स्वरूप किती अवलंबून असते, हे सांगण्यासाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. एवढ्या मोठ्या विषयाला एकच छोटे व्याख्यान देणे मला अजिबात पटले नाही.

माझी सर्वांत गंभीर तक्रार प्रश्नमंजूषेबद्दल आहे. अमुक प्रकरणात कोणती प्रथा आली आहे, अमुक विधी कशासाठी करतात, योग्य पर्याय निवडा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. अचेबे यांच्या कादंबरीचा शेवट ज्यांनी वाचला आहे, त्यांना यातील विसंगती खटकल्याशिवाय राहणार नाही. ओकोंक्वोचा मृतदेह समोर असताना ब्रिटिश जिल्हा आयुक्ताला कुतूहल वाटते ते या लोकांच्या चालीरीतींचे. आणि परतताना तो ठरवतो की, आपल्या नियोजित पुस्तकात या माणसाला एखादा परिच्छेद देता येईल. ज्याच्या आयुष्यासाठी कादंबरीकाराने अख्खी कादंबरी खर्ची घातली, त्याचा आयुक्ताच्या लेखी एक परिच्छेद होतो. व्याख्यात्यांनी हा प्रसंग अतिशय तळमळीने शिकवला आहे. त्यानंतर लगेच येणारे प्रश्न मात्र विद्यार्थ्याला त्याच आयुक्ताप्रमाणे वाचायला लावतात : प्रथा ओळखा, नोंदवा, पुढे चला. जो अभ्यासक्रम वाचनाची इतकी चांगली शिकवण देतो, त्याने परीक्षेत तिच्यावर पाणी सोडावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. हे प्रश्न काढून त्या जागी एखाद्या परिच्छेदावर दहा ओळी लिहायला सांगितले, तरी पुष्कळ सुधारणा होईल.

निबंधतपासणीचा अनुभव संमिश्र आहे. काही सहाध्यायींनी माझे लेखन बारकाईने वाचून उपयुक्त शेरे दिले, तर काहींनी केवळ गुण टाकले. आपोआप तयार झालेल्या सबटायटलांमध्ये इग्बो नावांची इतकी मोडतोड झाली आहे की, ऐकण्याऐवजी त्यांवरच विसंबणाऱ्यांचा गोंधळ उडेल. संस्कृतीविषयीच्या अभ्यासक्रमात नावे तरी माणसाने तपासून घ्यायला हवी होती.

एवढे असूनही, कथा-कादंबऱ्या गांभीर्याने वाचणाऱ्या कोणालाही मी हा अभ्यासक्रम अवश्य सुचवीन. शिक्षकांना तर विशेष आग्रहाने. केवळ प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांच्या हाती यातले सर्वोत्तम काही लागणार नाही. अचेबे यांच्यावरील घटकाला हात घालण्यापूर्वी कादंबरी संपूर्ण वाचून घ्यावी, कारण व्याख्यानांत शेवट पहिल्यापासूनच गृहीत धरलेला आहे आणि दिलेल्या उताऱ्यांवर भागत नाही.