आधी नेली की आधी ब्रायडी?

आयर्लंडच्या दुष्काळातून ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या अनाथ मुलींवरची, मुलांसाठी लिहिलेली दोन इंग्रजी पुस्तकं मी नेहमी सुचवते : पेनी मॅथ्यूज यांचं ‘मीट नेली’ आणि कर्स्टी मरी यांचं ‘ब्रायडीज फायर’. ऑस्ट्रेलियातल्या शाळांत पाचवीला एकोणिसाव्या शतकातल्या वसाहती शिकवतात, त्यामुळे तिकडच्या मराठी आईबाबांना ही निवड लवकरच करावी लागते. पुण्या-नाशकातल्या वाचणाऱ्या मुलांनाही ही पुस्तकं जरूर द्यावीत.

दोन्हींमागचा इतिहास एकच. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडत गेला. गरिबांचं पोट त्या एका पिकावर होतं. सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि त्याच काळात देशातून धान्य बाहेर जातच होतं. आपल्या मुलांना दुष्काळ म्हटलं की न आलेला पाऊस आठवतो, म्हणून एवढं आधी सांगून ठेवावं. निराधारांसाठी वर्कहाउस होती : अन्नाच्या बदल्यात काम, आणि आई, बाप, मुलं वेगवेगळ्या विभागांत. अशा वर्कहाउसांतून १८४८ ते १८५० या काळात ब्रिटिश वसाहतमंत्री अर्ल ग्रे यांच्या योजनेखाली चार हजारांहून जास्त मुली सिडनी, मेलबर्न आणि ॲडलेडला पाठवल्या गेल्या. वसाहतींना मोलकरणी हव्या होत्या, आणि बायकाही. प्रत्येकीला एक पेटी मिळे : सहा शमीज, पायमोज्यांचे सहा जोड, बुटांचे दोन जोड, दोन झगे. अनेकींच्या आयुष्यात एवढे कपडे पहिल्यांदाच आले असतील.

नेली १८४९ मध्ये ॲडलेडला उतरते. तिचं मोठं स्वप्न म्हणजे वाचायला शिकणं, आणि पुन्हा कुठल्यातरी घरातलं होणं. दक्षिण ऑस्ट्रेलियात कैदी आणून वसवले नव्हते, त्याचा तिथल्या लोकांना अभिमान होता. वर्कहाउसमधल्या आयरिश पोरींकडे ते कसे बघत, हे नेलीला काम शोधताना भोगावं लागतं. पुस्तक छोटं आहे, भाषा सोपी आहे, आणि नेलीची गोष्ट चार पुस्तकांत पुढे जाते. आठ ते अकराच्या मुलांना हे झेपतं. नुकतं स्वतःहून वाचू लागलेल्या मुलाला अक्षरांसाठी आसुसलेली मुलगी लगेच जवळची वाटते.

‘ब्रायडीज फायर’ वेगळ्या ताकदीचं आहे. इथे उपासमार मागे सोडून आलेली आठवण नसते, ती पानांवर घडते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं घर, मग आईबाप जाणं, वर्कहाउस, जहाज, मेलबर्नमधली चाकरी, आणि पुढे सोन्याच्या खाणींचा प्रदेश. मेलबर्न ज्या वसाहतीत येतं त्या व्हिक्टोरियात सोनं सापडलं १८५१ मध्ये, आणि चाकर-मालक ही घडीच विस्कटली. ब्रायडीच्या रागाला तिथे जागा मिळते. मला हा राग फार मोलाचा वाटतो. अनाथ मुलीने कृतज्ञ राहावं अशी अपेक्षा मुलांच्या गोष्टींत फार असते; ही मुलगी तसं वागत नाही. मात्र मृत्यू इथे थेट येतो, त्यामुळे अकरा-बाराच्या आधी देऊ नये. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर आणखी थांबावं.

एकच घ्यायचं असेल आणि मूल बारा पूर्ण असेल, तर माझं मत बिनदिक्कत ब्रायडीला. चार पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं. मालिका आजच्या ऑस्ट्रेलियापर्यंत येते. दहाच्या आतबाहेरच्या मुलाला नेली द्या, रोज थोडं मोठ्याने वाचून.

दोन्हींच्या केंद्रस्थानी आयरिश मुलगी आहे, म्हणून एक भर आपण घालायची. ही ‘नवी’ वसाहत रिकाम्या जमिनीवर वसली नव्हती. ॲडलेडची जमीन काउर्ना या मूळ रहिवाशांची, मेलबर्नची वुरुंजेरी या मूळ रहिवाशांची. भुकेने हाकललेली मुलगी दुसऱ्यांच्या हिरावलेल्या भूमीवर उतरते, हे दहा वर्षांच्या मुलाला नीट समजतं. सिडनीला जाणं झालं तर हाइड पार्क बॅरेक्स ही जुनी इमारत बघा. योजनेतून आलेल्या मुलींना आधी तिथे ठेवत, आणि १९९९ साली उभारलेल्या स्मारकाच्या काचेवर त्यांतल्या काहींची नावं कोरलेली आहेत.