शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघायचाय? फायनल सोडा, लीगची चारची मॅच धरा

कोल्हापूरचा फुटबॉल बघायचा म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा फायनलचं विचारतो. तिथंच चुकतं. फायनलला गर्दी बघायला मिळते, हलगी ऐकायला मिळते, पण खेळ पुढच्याच्या खांद्यावरून दिसेल तेवढाच. फुटबॉल बघायचा असेल तर जानेवारीतली, आठवड्यातल्या मधल्या वारची, चारला सुरू होणारी लीगची मॅच धरा. छत्रपती शाहू स्टेडियमवर याहून चांगला सौदा मिळत नाही. सिनेमाच्या तिकिटाहून बराच स्वस्त दर, मनाजोगी जागा, आणि मैदानावर तेच खेळाडू जे पुढं फायनल खेळणार असतात.

आधी थोडी ओळख, नाहीतर गुणफलकावरची नावं वाचून पाहुणा गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस फुटबॉल क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, फुलेवाडी, ऋणमुक्तेश्वर, जुना बुधवार. ही कुस्तीची यादी नव्हे. पेठेतल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आणि नाव तालमीचंच राहिलं. त्यामुळे संघ म्हणजे एक गल्ली, एक गणपती, एक कट्टा. मंगळवार पेठेतली पाटाकडील आणि शिवाजी पेठेतली खंडोबा समोरासमोर आली की मैदानात अकरा-अकरा असले तरी गॅलरीत दोन पेठा असतात. हे ध्यानात ठेवूनच कुठं बसायचं ते ठरवा.

सगळा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा. गावात सगळे नुसतं 'केएसए' म्हणतात. वरिष्ठ गटात १६ संघ. हंगाम थंडीत खेळाडू नोंदणीनं उघडतो. कोण कुठल्या तालमीतून कुठल्या तालमीत गेला याच्या बातम्या तेव्हा मॅचच्या बातम्यांइतक्याच चवीनं वाचल्या जातात. मग लीग, आणि लीगनंतर एकामागून एक चषक स्पर्धा, थेट उन्हाळा संपेपर्यंत. बघणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्हींत मोठा फरक आहे. लीगमध्ये गुण मोजले जातात, बरोबरीचाही एक गुण पदरात पडतो, म्हणून संघ बांधून, हिशेबानं खेळतात. चषक बाद पद्धतीचा. १६ संघ म्हणजे १५ सामने, हरला तो घरी. त्यामुळे पहिल्या फेरीपासून धसमुसळेपणा जास्त आणि शेवटच्या दहा मिनिटांत सगळं मैदान एका गोलपोस्टसमोर. ज्याला खेळ समजून घ्यायचाय त्यानं लीग बघावी. ज्याला अंगावर काटा हवाय त्यानं चषकाची उपांत्यपूर्व फेरी धरावी. तिथं ईर्षा असते आणि गर्दी अजून आटोक्यात असते.

दिवसाला साधारण दोन सामने: एक दुपारी दीड-दोनच्या सुमारास, दुसरा चारला. वेळ त्या दिवशीच्या स्थानिक पेपरात बघून घ्या, कारण परीक्षा, बंदोबस्त, मोर्चा, कशानंही बदलते. दोनची मॅच डिसेंबर-जानेवारीत ठीक. मार्चपासून ती उघड्या पायऱ्यांवर बसून बघणं म्हणजे शिक्षा. सिमेंट इतकं तापतं की पेपरची घडी पुरत नाही. जाड रुमाल किंवा पोत्याचा तुकडा लागतो. खेळाडूंचंही तेच. उन्हात उत्तरार्धाच्या पंधराव्या मिनिटाला पाय जड होतात, बचावफळी आणि मधली फळी यांच्यात मोठी पोकळी पडते, आणि खेळ लांब-लांब बॉल मारण्यावर येतो. तोच संघ चारच्या मॅचला बघा, वेगळा वाटेल. एप्रिल-मेमध्ये आणखी एक पाहुणा असतो, वळीव. दुपारी चारनंतर पश्चिमेला ढग काळे दिसले तर मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी हवी. छत्रीच्या भरवशावर राहू नका. गर्दीत ती उघडता येत नाही, आणि उघडलीत तर मागचे उघडू देत नाहीत.

बसायची जागा हा या सगळ्यातला कळीचा भाग. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू घ्या. चारच्या मॅचला पश्चिमेकडं तोंड करून बसलात तर कपाळावर हात धरून बघावं लागेल. अगदी खालची पायरी टाळा. तिथून जवळचा खेळाडू मोठा दिसतो, पण पलीकडच्या विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, काय चाललंय ते कळत नाही, शिवाय जाळीतून बघावं लागतं. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं की मैदान नकाशासारखं उलगडतं. मध्यरेषेसमोरची जागा सगळ्यांना हवी असते. ती गेली तर पेनल्टी क्षेत्राच्या पुढच्या रेषेसमोर बसा. ही रेषा गोलरेषेपासून १६.५ मीटरवर. ऑफसाइडचे, म्हणजे शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढं राहून पास घेण्याचे, बहुतेक वाद तिच्याच आसपास होतात आणि तिथून तुम्ही लाइन्समनच्या नजरेनं बघू शकता. गोलपोस्टच्या मागची जागा फक्त टायब्रेकरच्या, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांच्या, कामाची.

आणि जागा घेण्याआधी आजूबाजूला पाच मिनिटं नुसतं ऐका. समर्थकांच्या बाजू ठरलेल्या असतात. चुकून दुसऱ्यांच्या गराड्यात बसून टाळी वाजवलीत तर कुणी मारत नाही, पण सगळे वळून बघतात, आणि ते पुरेसं असतं. शर्टाचा रंगही साधा ठेवा. दोन्हीपैकी कुठल्याही संघाच्या जर्सीशी मिळताजुळता नको. पांढरा सदरा सगळ्यांत सुरक्षित वाटतो, पण त्या दिवशी एक संघ पांढऱ्यात उतरू शकतो, तेव्हा करडा बरा.

आता खेळाचा दर्जा. टीव्हीवरच्या युरोपी फुटबॉलची सवय असेल तर पहिली दहा मिनिटं बॉल सतत हवेत दिसेल आणि 'हे काय' असं वाटेल. यात मैदानाचा वाटा मोठा आहे. गवताचं मैदान, त्यावर रोजच्या दोन मॅच; हंगाम पुढं सरकतो तसा गोलक्षेत्र आणि मध्यवर्तुळातला भाग घासला जातो, माती कडक होते. अशा जमिनीवर जमिनीलगतचा पास उसळी घेतो आणि टप्पा पडलेला बॉल अपेक्षेहून उंच जातो. म्हणून शहाणा बचावपटू बॉलला टप्पा पडूच देत नाही, थेट हेडरनं परत फेकतो. आणि शहाणा आघाडीवीर बचावपटूच्या मागं, टप्पा चुकेल तिथं उभा असतो. या एका गोष्टीवर लक्ष ठेवलं तर अर्धे गोल आधीच दिसायला लागतात. गोलकीपरचंही तसंच. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. बुटक्या कीपरसमोर लांबून उंच फटका मारायचा की नाही, हे पहिल्या दोन कॉर्नरमध्ये समोरचा संघ ठरवून टाकतो. कॉर्नरला कीपर पुढं येतो की रेषेवर खिळून राहतो, तेवढं बघा.

जर्सीवरचे नंबर लांबून वाचता येत नाहीत, उत्तरार्धात घाम-मातीनं तर अजिबातच नाहीत. खेळाडू ओळखायचे तर बुटांच्या रंगावरून, किंवा सरळ शेजारच्या काकांना विचारा. तो मुलगा कुणाचा, आधी कुठल्या तालमीत होता, डावा पाय चालतो की नाही, सगळं मिळेल. ही सेवा तिकिटात धरलेली नसते, पण शाहू स्टेडियमची खरी कॉमेंट्री हीच. डॉज कसा मारला, कट कुठं मारला, कुणी बॉल 'दाबून' ठेवला, सगळं त्या भाषेत. काकांचं एकच ऐकू नका, ते म्हणजे रेफ्रीबद्दलचं. इथं व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नाही. एक रेफ्री, दोन बाजूंना लाइन्समन आणि एक राखीव, एवढ्यावर सगळं चालतं. सगळ्यात जास्त ओरडा दोन गोष्टींवर होतो आणि दोन्ही वेळा बहुधा रेफ्री बरोबर असतो. एक, थ्रो-इनवरून थेट मिळालेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. गोलकिक आणि कॉर्नरलाही नसतो. दुसरी, ऑफसाइड बघतात तो पास मारल्या क्षणी, बॉल मिळाल्या क्षणी नाही. वेगवान विंगर पळत पुढं गेलेला दिसतो आणि गॅलरी उठते. पास सुटला तेव्हा तो कुठं होता हे कुणी बघितलेलंच नसतं.

काही संघांत आफ्रिकन खेळाडूही दिसतात. त्यांच्यावरून गावात दोन तट आहेत. त्यांच्या ताकदीमुळं खेळाचा वेग वाढला हे खरं. पण मधल्या फळीतून चाल रचण्याऐवजी बॉल उचलून त्यांच्याकडं फेकायची सवयही लागते, हेही खरं. स्थानिक पोरांचा खेळ बघायचा असेल तर ज्या संघात असे खेळाडू नसतील त्याची मॅच निवडा. कोल्हापूरच्या मातीतून काय निघू शकतं याचा दाखला हवा असेल तर अनिकेत जाधव. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला.

चषकाची मॅच बरोबरीत सुटली की टायब्रेकर: पाच-पाच फटके, ११ मीटरवरून. पाच-पाच फटके, ११ मीटरवरून. फटके कुठल्या गोलवर ते कळताच अर्धी गॅलरी तिकडं पळते. धावू नका. पायऱ्यांवर पडापडी होते ती याच दोन मिनिटांत. लहान मूल बरोबर असेल तर बसल्या जागी बसा, बॉल आत गेला की बाहेर ते आवाजावरून कळतंच. बघायचंच झालं तर कीपरचे पाय बघा. फटका बसतो त्या क्षणी त्याच्या एका पायाचा निदान काही भाग गोलरेषेवर, रेषेच्या वर किंवा रेषेच्या मागं असायला हवा. आधीच पुढं सरकला आणि बॉल अडवला तर फटका परत घ्यायला लावतात. मॅच संपली तरी लगेच उठू नका. सामनावीराबरोबर लढवय्या खेळाडूचंही बक्षीस असतं, आणि ते कधी हरलेल्या संघाच्या पोराला जातं. त्या वेळची टाळी दोन्ही पेठांची असते.

उणी बाजू सांगितली नाही तर परीक्षण कसलं? शिवीगाळ आहे, भरपूर आहे, आणि ती रेफ्रीच्या आईपासून सुरू होते. मोठ्या लढतींना हुल्लडबाजी होते, बाटल्या उडतात, पोलिस बंदोबस्त लागतो. घरच्यांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर मोठ्या पेठांची आपसातली लढत टाळून लीगमधली दुसरी एखादी मॅच घ्या. प्रवेशावर पाण्याच्या बाटल्या अडवू शकतात. निघण्याआधी पाणी पिऊन घ्या आणि स्वच्छतागृहाचं कामही बाहेरच उरका. तिकीट खिडकीवर, रोख, सुटे पैसे ठेवा. गाडी दुचाकी असेल तर थोडी लांब, तोंड रस्त्याकडं करून लावा. मॅच सुटल्यावर अर्धा तास आसपासचे रस्ते तुंबतात. बाहेर पडायचं तर शिट्टीच्या पाच मिनिटं आधी किंवा वीस मिनिटं नंतर, मधे नाही. बाहेरून येणाऱ्यानं रेल्वे स्टेशन किंवा एसटी स्टँडवरून रिक्षा करावी, 'शाहू स्टेडियम' एवढं सांगितलं तरी पुरे.

खाण्याचं म्हणाल तर आत शेंगदाणे-फुटाणे आणि चहा, त्याहून जास्त अपेक्षा नको. भूक राखून ठेवा. खासबागेच्या खाऊगल्लीत भेळ, नाहीतर गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर काढलेलं म्हशीचं दूध. ज्यांचा संघ हरला ते दूध घेतात आणि गप्प बसतात.

मुंबईकरांना एवढं लांब यायचं नसेल तर कूपरेज आहे. एकेकाळी रोव्हर्स कप रंगायचा तेच मैदान, चर्चगेटवरून पंधरा मिनिटांची चाल. गवत कृत्रिम, त्यामुळं बॉल सरळ धावतो, पासिंगचा खेळ जास्त दिसतो, आणि खेळ शिकायला ते शाहू स्टेडियमपेक्षा सरस. पण लीगच्या मॅचला शेजारी बहुधा खेळाडूंचे मित्र आणि क्लबची माणसं असतात. गोल झाला की टाळ्या मोजता येतात. कोल्हापूरच्या मॅच यूट्यूबवरही थेट दिसतात, पण कॅमेरा बॉलच्या मागं पळतो, म्हणून उलट्या विंगवर हात वर करून उभा राहिलेला मोकळा खेळाडू दिसतच नाही. गॅलरी नेमकी त्याच्यासाठीच ओरडत असते.