जमिनीवर ठेवलेल्या बोटीचा जस्त झिजला कसा?

फायबरची बोट पाच महिने जमिनीवर ठेवण्याचे पैसे मी मोजले. त्यातला बहुतेक काळ ती पाण्यात होती. बोट पाण्यातच ठेवावी की वर घ्यावी, या विचारात जे असतील त्यांनी हे वाचावं.

बोट वर घेतली तेव्हा तळाला फोड दिसले. एक टोचला, तर व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं. बोट वर्षानुवर्षं पाण्यात राहिली की पाणी रेझिनच्या थरांत मुरतं, आत आम्लयुक्त द्रव तयार होतो आणि थर फुगतो. अशा वेळी फोड उघडून धुवायचे, तळ कित्येक महिने वाळू द्यायचा आणि मगच एपॉक्सीचे थर चढवायचे. ओल्या तळावर एपॉक्सी चढवली तर ओल आतच कोंडते आणि फोड पुन्हा येतात. बोट जिथे वर घेतली त्या दुरुस्तीच्या यार्डच्या मालकाने हे सगळं बरोबर सांगितलं, म्हणूनच माझा विश्वास बसला.

शाफ्टवरचा, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्यावरचा, जुना जस्ताचा ठोकळा संपत आला होता. त्याच दिवशी मी स्वतःच्या हाताने नवा बसवला.

पुढे दर महिन्याला फोटो यायचे. बोट टेकूंवर, खाली एक निळी बादली. प्रत्येक फोटोत बादली त्याच जागी होती, हे मला फार उशिरा दिसलं.

पाच महिन्यांनी गेलो. तळ नवा कोरा दिसत होता. ठोकळ्यावरही रंग फासलेला होता, आणि रंगवलेला जस्त तर काहीच काम करत नाही. तो रंग खरवडला, तर खाली ठोकळा निम्मा खाल्लेला, खळगे पडलेले.

"साहेब, खाऱ्या हवेने होतं तसं," यार्डवाला म्हणाला.

हवेने जस्तावर पांढरी पूड धरेल. पण शाफ्ट आणि पंखा वाचवण्यासाठी तो असा झिजतो, ते सगळं एकत्र पाण्यात बुडालेलं असेल तरच. मी तळ खरवडून पाहिला. नव्या निळ्या रंगाखाली थेट जुना लाल रंग होता. एपॉक्सी कुठेच नव्हती, फोड नुसते पुट्टीने बुजवले होते. शेवटी तिथल्याच एका कामगाराने सांगितलं की माझी जागा आठवड्याभरात दुसऱ्या बोटीला दिली होती, आणि मी येणार म्हणून माझी बोट पुन्हा वर काढली. मला त्या क्षणी रडू आलं. पैसे तर गेलेच, पण त्या बोटीवर मी किती जीव लावला होता!

माझ्याकडे भांडायला कागद नव्हता. बिलावर बोट वर घेतल्याची आणि पाण्यात सोडल्याची तारीख नव्हती. ओलाव्याचं मोजमाप एकच, तेही वर काढल्याच्या दिवसाचं. त्या दिवशी कुठलाही तळ ओलाच दाखवतो, शिवाय तांबं मिसळलेल्या रंगावरून घेतलेला आकडा भरवशाचा नसतो. रंग काढून, ठरावीक जागी खुणा करून, दर काही आठवड्यांनी तिथलाच आकडा तारखेसह लिहून मागा. एपॉक्सीच्या प्रत्येक थराचा फोटो मागा, आणि टेकूंच्या फळ्यांखालच्या जागेचाही. टेकू हलवल्याशिवाय तिथे रंग पोचत नाही, त्यामुळे कामचुकारपणा तिथेच आधी उघडा पडतो. आणि कळवल्याशिवाय जाऊन या.

आता बोट दुसरीकडे, जमिनीवरच आहे. तळाला मी खडूने बारा खुणा केल्यात. आकडे हळूहळू उतरतायत. नव्या जस्ताची चकाकी गेली आहे, पण खळगा एकही नाही.