येझदी चढाला ओढत नसेल तर: उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज

माझी येझदी मोटरसायकल १९८२ सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. इचलकरंजीत माझे माग आहेत आणि सूत, बिलं, बाजार सगळं याच गाडीवर चालतं. गेल्या पावसाळ्यानंतर तिची ओढ गेली. सकाळी थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू व्हायची, सपाटीवर पन्नासपर्यंत बरी पळायची. पण अर्ध्या तासात इंजिन तापलं की रेस आपोआप वर चढून राहायची, खाली बसायची नाही. आणि पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळचा चढ लागला की तिसऱ्यात दम तुटायचा. दुसरा गिअर टाकून, इंजिन ओरडत, कसंबसं वर जायचं.

आधी जवळपासच्या गॅरेजांत दाखवली. नावं घेत नाही. एकाने प्लग बदलला, एकाने कार्बोरेटर धुऊन मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मोठं बसवलं, तिसऱ्याने गाडी सुरूही न करता "फुल इंजिन काम काढा, बोअर गेलाय", म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, असं सांगून आकडा ऐकवला. मोठ्या जेटमुळे भरधाव थोडी बरी वाटली, एवढंच. मूळ दुखणं तिथंच. शोरूममध्ये जाण्यात अर्थ नव्हता. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण त्या नव्या गाड्या फोर स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या. आपल्या टू स्ट्रोकशी त्यांचं नाव सोडून काही जुळत नाही.

शेवटी एका सूत व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या गॅरेजचा पत्ता दिला. दारावर पाटी नाही. लेथच्या दुकानांमधल्या बोळात आत गेलं की उघड्या इंजिनांची रांग दिसते, तेच गॅरेज. चालवणारे मिस्त्री साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. फक्त जावा-येझदी बघतात. बुलेट आणली तर बाहेरूनच नमस्कार.

मामांनी पाना हातात घेण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारले. "गरम झाल्यावर रेस खाली बसती का न्हाई?" नाही. "धूर वाढलाय?" नाही. "गिअर ऑइल कमी हुतंय?" नाही. तेव्हा मला या प्रश्नांचं प्रयोजन कळलं नव्हतं, पण अर्धं निदान तिथंच झालं होतं.

या इंजिनात पिस्टनच्या खालचा भाग, म्हणजे क्रँककेस, हाच पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन वरच्या बाजूला ढकललं जातं. ही खोली हवाबंद नसेल तर बाकी सगळं नवं घालूनही गाडी ओढणार नाही. खोलीला दोन्ही बाजूंनी क्रँकशाफ्टवर ऑइल सील, म्हणजे रबरी कडं असतं. डावं, क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल आत खेचलं जातं, धूर वाढतो, ऑइलची पातळी उतरते. उजवं, पॉइंट (प्लगची ठिणगी पाडणारा स्विच) आणि डायनॅमोकडचं सील गेलं तर धूर नाही, गळती नाही, नुसती हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होते, रेस वर चढते, इंजिन जास्त तापतं. शिवाय टू स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असल्यामुळे आत येणाऱ्या हवेला ऑइलचा थेंबही नसतो. असं चालवत राहिलं तर एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. माझी तीन उत्तरं ऐकून मामांचा संशय उजव्या बाजूवर होता, पण ते संशयावर काम करत नाहीत.

पहिल्यांदा त्यांनी नवा प्लग लावून गाडी चढावर नेली. मी मागे दुसऱ्या गाडीवर होतो. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून गाडीला ताण दिला आणि तशातच क्लच दाबून चावी बंद केली. बाजूला घेऊन तिथंच प्लग काढला. गाडी हळू चालवत गॅरेजला आणून प्लग बघितला तर त्यावर हळू चालण्याचा रंग दिसतो, ताणाचा नाही, म्हणून ही धडपड. भिंगातून चिनीमातीचं टोक मलाही दाखवलं. पांढरंफटक. मोठं जेट असूनही मिश्रण पातळ होतं.

मग गॅरेजमध्ये जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय. कार्बोरेटर उतरवून त्याचं तोंड आणि एक्झॉस्टची दोन्ही तोंडं (येझदीला सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन) टायरच्या ट्यूबचे तुकडे आणि लोखंडी पट्ट्या लावून घट्ट बंद केली. एका पट्टीला बारीक नळी, आणि नळीला डॉक्टरकडचं रक्तदाब मोजायचं यंत्र. रबरी फुगा दाबून काटा २५० वर नेला आणि सोडला. काटा डोळ्यांदेखत खाली यायला लागला. मामांनी साबणाच्या पाण्याचा ब्रश हेडखाली फिरवला, काही नाही. सिलिंडरच्या बुडाला, काही नाही. मग उजवं कव्हर काढलं, डायनॅमो उतरवला, पुन्हा हवा भरली आणि शाफ्टभोवती ब्रश लावला. सीलच्या ओठाच्या खालच्या बाजूने बारीक बुडबुड्यांची ओळ उठली. "हितं हाय बघा तुमची ताकद," एवढंच बोलले.

जुनं सील काढून हातात दिलं. रबर इतकं कडक झालं होतं की वाकवताच त्याचा तुकडा पडला. नवं सील मापाने बेअरिंगच्या दुकानात मिळालं, किंमत शंभराच्या आत. ते बसवायला इंजिन फोडावं लागलं नाही. बसवून परत हवा भरली, काटा थांबून राहिला. मगच कार्बोरेटर जागेवर गेला, तोही मूळ मापाचं जेट परत घालून.

गाडीत दुसराही दोष होता, साधा पण चढाला नडणारा. सायलेन्सरमधल्या जाळीच्या नळ्या बाहेर ओढल्या तेव्हा निम्मी भोकं कार्बनने बुजलेली. टू स्ट्रोकला जळका वायू मोकळा बाहेर गेला नाही तर नवं मिश्रण पुरतं आत भरत नाही. नळ्या कॉस्टिक सोड्यात टाकल्या आणि सिलिंडरच्या तोंडाचा कार्बन बांबूच्या काडीने खरवडला, धातूला ओरखडा नको म्हणून. पॉइंटचा गॅप ०.४ मिमी केला आणि प्लगच्या भोकात डायल गेज लावून ठिणगीचं टायमिंग बघितलं. पेट्रोलचा पाइपही बदलायला लावला. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

बोअरचं काय? कॉम्प्रेशन तपासलं, ठीक होतं. "अजून हात लावायचा न्हाई," म्हणाले. फुल इंजिन कामात त्यांना चार पैसे जास्त मिळाले असते. हा माणूस तपासणीचे पैसे वेगळे घेतो, माझ्याकडून सहाशे घेतले, आणि पुढचं काम तिथं करा अथवा करू नका, ते द्यावेच लागतात. काहींना हे खटकतं. मला हीच पद्धत योग्य वाटते. ज्याची कमाई फक्त सुट्या भागांवर, त्याला दोषही सुट्या भागांतच दिसतो.

उणिवाही सांगतो. मामा फोन उचलत नाहीत. आज देतो म्हटलेली गाडी आज मिळेलच असं नाही. माझी तर ठरल्या वेळेच्या बरीच नंतर मिळाली. बसायला जागा नाही, दुपारी बोळात ऊन असतं. छापील बिल मिळत नाही, पण काय तपासलं आणि काय सापडलं ते वहीच्या पानावर लिहून देतात, आणि ते पान मला बिलापेक्षा मोलाचं वाटतं. रंगकाम, क्रोम, वायरिंग यासाठी इथं जाऊ नका. त्यात त्यांचं मन नाही आणि काम तसंच दिसतं.

गाडी मिळाल्यावर मी थेट वाघबीळ गाठलं. तिसऱ्यात, मागे बायको बसलेली, आणि गाडी न कुरकुरता वर. वर थांबून रेस सोडली तर आवाज लगेच खाली बसला. घरी आल्यावर प्लग काढला, टोक तपकिरी. त्यानंतर महिनाभर रोजच्या वापरात आहे आणि तक्रार नाही.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, दुपारनंतर ते नवी गाडी बघत नाहीत. गाडी टेम्पोत घालून नेऊ नका, शक्य असेल तर चालवत न्या, गरम असताना ती कशी वागते ते त्यांना बघायचं असतं. लिटरला किती ऑइल टाकता ते नक्की सांगता आलं पाहिजे. आणि जाण्याआधी प्लग घासून चकचकीत करू नका, ते सगळ्यात आधी तोच मागतात.