उभ्या कॅरव्हॅनसाठी कपलरचे कुलूप: पावसाळ्यानंतरचा अभिप्राय

सोसायटीत जागा नसल्यामुळे गाडीमागे जोडायची आमची छोटी कॅरव्हॅन मी खारघरमधील एका मोकळ्या प्लॉटवर भाड्याने उभी ठेवतो. तिला स्वतःचे इंजिन नसल्याने कोणीही आपल्या गाडीला जोडून ती ओढून नेऊ शकतो, या धास्तीपोटी मे महिन्यात कपलरला, म्हणजे कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाला गाडीशी जोडण्यासाठी असलेल्या भागाला, लावायचे कुलूप ऑनलाइन मागवले. 50 मिलिमीटरच्या कपलरच्या खोबणीत त्याचा पोलादी गोळा चपखल बसतो आणि त्यामुळे दुसऱ्या गाडीच्या मागचा जोडणीचा गोळा (बॉल) आत शिरूच शकत नाही. मात्र पुढच्या दांडीला साखळी गुंडाळून कॅरव्हॅन फरफटत नेण्याची वाट त्याने बंद होत नाही. त्यासाठी चाकाला जॅमर हवाच, आणि तोही नट झाकणारा हवा, नाहीतर चोर चाकच बदलून मोकळा होईल.

खरी तक्रार गंजाची आहे. खाडीवरचा खारा वारा आणि इथला पाऊस यांपुढे कुलपाने जुलैअखेर हात टेकले, किल्ली फिरेना. विक्रेत्याने भरपूर तेल सोडण्याचा सल्ला दिला. तेलाला धूळ चिकटून किल्लीचे छिद्र आणखीच जाम झाले. शेवटी ते रॉकेलने धुऊन, वाळवून ग्रॅफाइटची भुकटी सोडली, तेव्हा कुठे कुलूप उघडले. सुमारे साडेतीन हजार रुपयांच्या वस्तूला किल्लीच्या छिद्रावर साधे रबरी झाकण असू नये, याचे नवल वाटते. सध्या सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून काम भागवतो आहे.