रिक्सडॉर्फ आणि ल्यूबार्स : बर्लिनने सामावलेली दोन गावे

१९२० मध्ये बृहद्बर्लिनमध्ये विलीन झालेल्या या दोन गावांचा प्रवास अगदी भिन्न आहे. रिक्सडॉर्फमध्ये प्रशियाच्या राजाने १७३७ साली धर्मछळामुळे परागंदा झालेली बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) प्रोटेस्टंट कुटुंबे वसवली. पुढे कामगारांच्या चाळींनी शेते व्यापली, १८९९ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला आणि १९१२ मध्ये, गुत्ते व नाचघरांमुळे झालेली बदनामी पुसण्यासाठी, त्याचे नाव नॉयकोल्न झाले. तरीही रिशार्डप्लाट्झ या चौकातली जुनी लोहारशाळा आजही उभी आहे.

ल्यूबार्सने मात्र शेते, घोड्यांचे तबेले आणि चर्चभोवतीचा गावठाण जपला. भिंतीने वेढलेल्या पश्चिम बर्लिनकरांना खरे खेडे येथेच भेटे. निसर्गासाठी ल्यूबार्स उत्तम, परंतु स्थलांतरितांनी घडवलेले उपनगर समजून घ्यायचे असेल, तर माझी पसंती निःसंशय रिक्सडॉर्फला आहे.