क्लच प्लेटसाठी युनिव्हर्सल डमी शाफ्ट: सिंगल क्लचला घ्या, डबलला नको

जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन परत जोडताना प्लेट मधोमध धरायला हा शाफ्ट (तात्पुरता दांडा) उत्तम, पण त्यावर चढवायचा बुश (मापाची नळी) नीट निवडला तरच. पुढचं टोक फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) मधल्या पायलट बेअरिंगमध्ये हाताने सरकावं, डगमगू नये. प्रेशर प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा देत आवळा आणि मधूनमधून शाफ्ट ओढून बघा. अडकला तर प्लेट खाली सरकलीय, बोल्ट सैल करून पुन्हा धरा. त्याआधी हबची (प्लेटच्या मधल्या भागाची) लांब बाजू कुठे येते ते तपासा. प्लेट उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो, क्लच सुटत नाही.

इंजिन गिअरबॉक्सजवळ आणल्यावर इंचभर फट राहिली तर हाउसिंगच्या बोल्टांनी कधीच खेचू नका. गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर येतं आणि हब वाकतो. फ्लायव्हील थोडं फिरवा, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आटे (दाते) हबमध्ये जुळले की फट आपोआप मिटते.

डबल क्लचमध्ये दोन प्लेटांचे हब वेगळ्या मापाचे असतात, तिथे हा डमी शाफ्ट फसतो. त्याच मॉडेलचा जुना इनपुट शाफ्ट भंगारात मिळाला तर तो याहून सरस, कारण आटे हुबेहूब जुळतात.